बर्ट्रांड रसेल : स्वतःच्या पायाखालची वीट तपासणारा तत्त्वज्ञ

स्मरणिकेच्या पानांवर ज्या थोर व्यक्तींची चरित्रे आपण वाचतो, त्या बहुधा आपल्या चळवळीतल्या किंवा आपल्या मातीतल्या असतात. प्रस्तुत लेखात मात्र एका इंग्रज तत्त्वज्ञाचे चरित्र वाचकांसमोर ठेवीत आहे. बर्ट्रांड रसेल हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 साली, ऐन तारुण्यात, रसेल यांच्या एका ग्रंथाचे परीक्षण लिहिले होते. रसेल यांनी स्वतः एक निवासी शाळा काढली आणि काही वर्षे चालवली, हे त्यांच्याशी असलेले आपले दुसरे नाते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. एका लहानशा वाक्याने, किंबहुना वाक्याच्या स्वतःकडेच वळून पाहण्याच्या सवयीने, या माणसाच्या आयुष्याची काही वर्षे व्यापून टाकली. त्या कोड्याची हकिकत तर्कशास्त्राच्या वर्गापुरती मर्यादित नाही. प्रमाण कशाला मानावे, हा जो प्रश्न आपल्या समाजाने मोठी किंमत देऊन सोडवला, त्याच्याशी ती थेट जोडलेली आहे.

पोरके बालपण आणि युक्लिडची भूमिती

बर्ट्रांड रसेल यांचा जन्म 18 मे 1872 रोजी वेल्समधील ट्रेलेक या गावी झाला. घराणे उमरावांचे. आजोबा लॉर्ड जॉन रसेल हे दोन वेळा इंग्लंडचे पंतप्रधान होते. आईवडील मात्र आपल्या काळाच्या पुढे गेलेले, धर्माची बंधने न मानणारे होते. विख्यात विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल हे वडिलांचे स्नेही. बर्ट्रांड दोन वर्षांचा असताना घटसर्पाने आई आणि बहीण गेली. तो चार वर्षांचा होण्यापूर्वीच वडीलही गेले. मुलांचे संगोपन निरीश्वरवादी पालकांकडे व्हावे अशी व्यवस्था वडिलांनी मृत्युपत्रात केली होती. न्यायालयात ती टिकली नाही आणि दोन्ही मुले आजीच्या ताब्यात गेली. लंडनजवळच्या रिचमंड पार्कमधील पेंब्रोक लॉज या वाड्यात, कडक धर्मनिष्ठ आजीच्या शिस्तीत, शिक्षक घरी येऊन शिकवीत असताना हा मुलगा एकाकी वाढला.

अकराव्या वर्षी थोरल्या भावाने त्याला युक्लिडची भूमिती शिकवायला घेतली. सिद्धतेच्या पायऱ्या चढत सत्यापर्यंत पोहोचता येते, या अनुभवाने मुलगा हरखून गेला. परंतु आरंभीची गृहीतके सिद्ध न करताच मान्य करावी लागतात, हे ऐकून तो तितकाच खट्टू झाला. ती का मान्य करायची, असे त्याने विचारले. ती मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असे उत्तर मिळाले. त्याने पुढे जाण्यासाठी ती मान्य केली. शंका मात्र मनातून गेली नाही. पौगंडावस्थेत निराशेने ग्रासले असता आत्मघाताचे विचारही त्याच्या मनात येत. गणित अजून शिकायचे राहिले आहे, या एका ओढीने आपण तगलो, असे त्यांनी उतारवयात नमूद केले आहे.

1890 साली रसेल केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. तेथे आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड यांच्यासारखे गुरू लाभले, जे पुढे सहकारी झाले. 1900 च्या उन्हाळ्यात पॅरिस येथे भरलेल्या तत्त्वज्ञान परिषदेत त्यांची इटालियन गणिती जुझेप्पे पेआनो यांच्याशी भेट झाली. पेआनो यांची काटेकोर चिन्हभाषा पाहून त्यांना आपल्या बालपणीच्या शंकेचे उत्तर दिसू लागले. सारे गणित निव्वळ तर्काच्या पायावर उभे करायचे, म्हणजे श्रद्धेने मान्य करण्याजोगे काही उरणारच नाही, असा संकल्प त्यांनी सोडला.

नोंदवही जी स्वतःला नोंदवू शकत नाही

1901 साली, ग्रंथाचे काम ऐन भरात असताना, रसेल यांना पायातच एक फट आढळली. ती समजून घेण्यासाठी उच्च गणिताची गरज नाही. आपल्या शाळेचे कार्यालय पुरेसे आहे.

कार्यालयात अनेक नोंदवह्या असतात. हजेरीपटात मुलांची नावे असतात. त्यात हजेरीपटाचे नाव नसते. जडसंग्रह नोंदवहीत बाके, कपाटे, घंटा यांची नोंद असते. समजा, कार्यालयातील सर्व नोंदवह्यांची एक यादी एका वहीत केली. ती वहीही नोंदवहीच असल्यामुळे तिच्यात तिचे स्वतःचे नाव येईल. म्हणजे काही नोंदवह्या स्वतःची नोंद करतात, काही करीत नाहीत. आता मुख्याध्यापकांनी लिपिकाला आदेश दिला, की ज्या नोंदवह्या स्वतःची नोंद करीत नाहीत, त्या सर्वांची आणि केवळ त्यांचीच एक नवी नोंदवही करा. लिपिक एकेक नाव लिहीत शेवटी या नव्या वहीपाशी येतो आणि थबकतो. हिचे नाव हिच्यात लिहावे काय? लिहिले, तर ही स्वतःची नोंद करणारी वही ठरते, आणि तशा वहीला येथे जागा नाही. न लिहिले, तर ही स्वतःची नोंद न करणारी ठरते, आणि तशी प्रत्येक वही येथे असलीच पाहिजे. लिहिले तरी चूक, न लिहिले तरी चूक.

नोंदवहीच्या बाबतीत आदेशच अशक्य होता असे म्हणून सुटता येते. परंतु रसेल यांच्यापुढे वही नव्हती, संच होता. कोणतेही लक्षण सांगावे आणि ते लक्षण असणाऱ्या सर्व वस्तूंचा संच आपोआप अस्तित्वात यावा, हे त्या काळच्या तर्काचे मूलभूत गृहीतक होते. स्वतःचे घटक नसलेल्या सर्व संचांचा संच कल्पिताच त्या गृहीतकातून सरळ आत्मविरोध बाहेर पडत होता.

या कोड्याची आतेमामे भावंडे भाषेत फार पूर्वीपासून नांदत होती. क्रीट बेटावरील एपिमेनिडीस याने क्रीटचे सारे लोक लबाड असतात असे म्हटल्याची कथा प्रसिद्ध आहे. बारकाईने पाहिले तर त्यात पुरता पेच नाही. एखादा क्रीटवासी खरे बोलणारा असला की एपिमेनिडीसचे विधान खोटे ठरून प्रश्न मिटतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील ग्रीक तर्कपंडित युबुलिडीस याने मात्र पळवाट ठेवली नाही. त्याच्या कोड्याचे सार एका मराठी वाक्यात सांगता येते : हे वाक्य खोटे आहे. ते खरे मानले, तर ते म्हणते त्याप्रमाणे खोटे ठरते. खोटे मानले, तर ते नेमके तेच सांगत असल्यामुळे खरे ठरते.

दुसरे भावंड शब्दांचे आहे. ‘त्र्यक्षरी’ हा शब्द मोजून पाहावा. त्यात तीनच अक्षरे आहेत, म्हणजे तो स्वतःचे वर्णन करतो. ‘एकाक्षरी’ या शब्दात चार अक्षरे आहेत. तो स्वतःचे वर्णन करीत नाही. स्वतःचे वर्णन न करणाऱ्या शब्दांना आपण ‘परवर्णी’ म्हणू. मग ‘परवर्णी’ हा शब्द परवर्णी आहे काय? होय म्हटले तर नाही होते, नाही म्हटले तर होय होते. हे कोडे 1908 साली कुर्ट ग्रेलिंग व लेओनार्ड नेल्सन या जर्मन अभ्यासकांनी मांडले.

तिसरे कोडे ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील बेरी नावाच्या कर्मचाऱ्याने रसेल यांना सुचवले. मराठीत ते असे सांगता येईल : वीस शब्दांपेक्षा कमी शब्दांत जिचे वर्णन करता येत नाही अशी सर्वांत लहान संख्या. या वर्णनातले शब्द मोजा. ते अवघे तेरा भरतात. म्हणजे जिचे वर्णन वीसपेक्षा कमी शब्दांत होऊच शकत नाही, तिचे वर्णन आपण तेरा शब्दांत करून बसलो. एका ग्रंथालय कर्मचाऱ्याची सूचना रसेल यांनी आपल्या लेखनात त्याच्या नावानिशी नोंदवली, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

फ्रेगे यांना गेलेले पत्र

जर्मनीतील येना येथे गॉटलोब फ्रेगे नावाचे एक गणिती याच संकल्पावर रसेल यांच्याआधीपासून झटत होते. त्यांच्या महाग्रंथाचा पहिला खंड 1893 साली निघाला होता आणि दुसरा छापखान्यात होता. त्यांची कीर्ती फारशी पसरलेली नव्हती. त्यांची योग्यता जाणणाऱ्या मोजक्यांत रसेल होते. 16 जून 1902 रोजी रसेल यांनी त्यांना पत्र लिहिले. आरंभी मनःपूर्वक आदर व्यक्त केला आणि मग, एका ठिकाणी मात्र मला अडचण आली आहे, अशा आशयाने ते कूट मांडले.

फ्रेगे यांना त्या चार ओळींचा अर्थ तत्काळ कळला. वय त्रेपन्न वर्षांचे, कित्येक वर्षांची मेहनत, ग्रंथ छपाईत, आणि पायाच हललेला. सहा दिवसांत, 22 जून रोजी, त्यांनी उत्तर धाडले. आपण हादरलो आहोत हे त्यांनी लपवले नाही आणि या शोधाचे मोल मोठे आहे असेही मान्य केले. 1903 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडाला त्यांनी परिशिष्ट जोडून आपल्या ग्रंथातील दोष स्वतःच वाचकांसमोर मांडला. त्या प्रामाणिकपणाला तोड नाही, असे रसेल यांनी साठ वर्षांनंतरही लिहून ठेवले.

इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र येथे थांबू नये. याच फ्रेगे यांच्या 1924 च्या रोजनिशीत ज्यू लोकांविषयीचा द्वेष आढळतो. तर्कशास्त्रातील आपली वीट काढून तपासणारा हा माणूस समाजाविषयीचा आपला पूर्वग्रह तपासू शकला नाही. आणि ज्यांनी परवर्णी शब्दाचे कोडे मांडले त्या दोघांपैकी ग्रेलिंग यांना 1942 साली आउशविट्झ येथील नाझी छळछावणीत प्राण गमवावे लागले. बुद्धी कितीही कुशाग्र असली, तरी तिची धार माणसामाणसांतील भेदावर चालवली नाही, तर ती अर्धीच राहते.

‘सर्व’ हा शब्द

रसेल यांना स्वतःच्या शोधाने आनंद झाला नाही. 1903 आणि 1904 या वर्षांचे उन्हाळे त्यांनी रोज कोऱ्या कागदासमोर बसून काढले. संध्याकाळी कागद बहुधा कोराच राही. अखेर 1908 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी आपला उपाय सविस्तर मांडला. दोष सापडला तो ‘सर्व’ या साध्या शब्दाच्या वापरात. एखाद्या समूहातील सर्वांविषयी जे विधान केले जाते, ते विधान स्वतः त्या समूहाचा घटक असू शकत नाही. तसे मानले की दुष्टचक्र सुरू होते. म्हणून विधानांच्या पायऱ्या कल्पाव्यात. वस्तूंविषयीची विधाने पहिल्या पायरीवर, त्या विधानांविषयीची विधाने त्याच्या वरच्या पायरीवर. कोणत्याही वाक्याने स्वतःच्याच पायरीवर उभे राहून स्वतःचा निवाडा करू नये. हे वाक्य खोटे आहे, असे म्हणणारे वाक्य मग खरेही नसते आणि खोटेही नसते; ते वाक्याच्या वेषात आलेले निरर्थक शब्द असतात.

याच संदर्भात गावातील न्हाव्याचे उदाहरण जगभर सांगितले जाते. 1918 च्या व्याख्यानांत रसेल यांनी ते सांगितले, तेव्हा ते आपल्याला दुसऱ्या कोणी सुचवल्याचेही सांगितले. गावातील जे स्वतःची दाढी स्वतः करीत नाहीत, त्या सर्वांची आणि त्यांचीच दाढी गावचा न्हावी करतो. तर न्हाव्याची दाढी कोण करतो? तर्कशास्त्राचे उत्तर सरळ आहे : असा न्हावी असूच शकत नाही. आपल्या वाडवडिलांना मात्र या कोड्यात वेगळाच पेच दिसला असता. त्यांच्या गावचा न्हावी गावातील सर्वांची दाढी करीत असे, आणि त्या ‘सर्वां’त ते नव्हते. त्यांच्या डोक्याला त्याचा वस्तरा लागत नसे. दोष त्या कारागिराचा नव्हता; तोही त्याच उतरंडीच्या एका पायरीवर बांधलेला होता. सर्व गाव, सर्व जन, सर्वांसाठी खुला पाणवठा असे म्हणताना कोणाला मोजले आणि कोणाला वगळले, हे विचारल्याशिवाय ‘सर्व’ हा शब्द स्वीकारू नये. रसेल हे तर्काच्या वाटेने येथे आले; आपण अनुभवाच्या वाटेने आलो.

व्हाइटहेड आणि रसेल यांचा ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ हा ग्रंथ 1910, 1912 आणि 1913 या वर्षी तीन खंडांत प्रसिद्ध झाला. एक अधिक एक बरोबर दोन या सिद्धतेच्या उंबरठ्यावर पोहोचायला त्यात साडेतीनशेहून अधिक पाने खर्ची पडली आहेत. प्रकाशनात 600 पौंडांचा तोटा अपेक्षित होता. केंब्रिजच्या मुद्रणालयाने 300 आणि रॉयल सोसायटीने 200 पौंड सोसले. उरलेले प्रत्येकी 50 पौंड दोघा लेखकांनी खिशातून भरले. दशकभराच्या श्रमाचे मानधन असे उलटे मिळाले.

एवढे करूनही इमारत निर्दोष ठरली नाही. 1931 साली कुर्ट ग्योडेल या पंचविशीतल्या तरुणाने त्याच जुन्या कोड्याची युक्ती वापरली. स्वतः खोटे असल्याचे नव्हे, तर स्वतः सिद्ध न होण्याजोगे असल्याचे सांगणारे विधान त्याने गणिताच्याच भाषेत रचले. त्यावरून, आत्मविरोधापासून मुक्त असलेल्या अशा कोणत्याही पद्धतीत काही सत्ये सिद्ध न होता उरतातच, हे त्याने दाखवून दिले. अकरा वर्षांच्या मुलाने पाहिलेले, काहीही गृहीत न धरता सारे सिद्ध करण्याचे स्वप्न त्या स्वरूपात पुरे होणे नव्हते. परंतु ते कोठवर पुरे होते आणि कोठे थांबते, हे कळले ते या परिश्रमांमुळेच.

युद्धविरोध, तुरुंग आणि बाबासाहेबांचे परीक्षण

1914 साली महायुद्ध सुरू झाले आणि रसेल ग्रंथालयातून रस्त्यावर आले. सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून लष्करात जाण्यास नकार देणाऱ्या तरुणांची बाजू त्यांनी घेतली. 1916 साली एका पत्रकाबद्दल त्यांना 100 पौंड दंड झाला आणि ट्रिनिटी कॉलेजने त्यांना अध्यापकपदावरून दूर केले. 1918 साली एका लेखाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा होऊन ते लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात गेले. तेथेही त्यांनी गणिताच्या तत्त्वज्ञानाचा एक सुबोध ग्रंथ लिहिला.

त्याच 1918 साली बाबासाहेबांनी रसेल यांच्या समाजाच्या पुनर्रचनेविषयीच्या ग्रंथाचे परीक्षण ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून, बडोद्याच्या नोकरीत अपमान सोसून मुंबईस परतलेला हा तरुण अर्थतज्ज्ञ रसेल यांच्यापुढे नुसता नतमस्तक झाला नाही. रसेल यांचा युद्धविरोध म्हणजे निष्क्रियतेचे समर्थन, असा सोयीचा अर्थ भारतातील निवृत्तिवादी वाचक काढतील, हा धोका त्यांनी आधीच ओळखला आणि तसा अर्थ निघत नाही हे दाखवले. शक्तीचा विधायक वापर आणि हिंसा यांत त्यांनी फरक केला. संपत्तीविषयीच्या रसेल यांच्या मतांशी जेथे मतभेद होते, तेथे ते कारणे देऊन नोंदवले. मोठ्या माणसाचा ग्रंथ आदराने वाचावा आणि तरीही तपासूनच स्वीकारावा, याचा हा वस्तुपाठ आहे. रसेल यांनी फ्रेगे यांना जशा आदराने आणि निर्भयतेने लिहिले, तसेच बाबासाहेबांनी रसेल यांच्याविषयी लिहिले.

1927 : एक व्याख्यान, एक शाळा

6 मार्च 1927 रोजी लंडनच्या बॅटरसी नगरभवनात रसेल यांनी आपण ख्रिस्ती का नाही, या विषयावर व्याख्यान दिले. त्यात त्यांनी प्रज्ञा आणि शील यांबाबत तथागत बुद्ध आणि सॉक्रेटिस यांना येशूपेक्षा वरचे स्थान दिले. ख्रिस्ती देशाच्या राजधानीत हे उच्चारणे सोपे नव्हते. दोनच आठवड्यांनी, 20 मार्च रोजी, महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले; त्याच वर्षी 25 डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. प्रश्न मात्र एकाच जातीचा होता : एखादा ग्रंथ प्रमाण आहे, हे कोणी ठरवायचे?

त्याच वर्षी रसेल आणि त्यांच्या पत्नी डोरा यांनी ससेक्स परगण्यात बीकन हिल ही निवासी शाळा सुरू केली. मुलांवर धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती, वर्गात बसण्याचीही नव्हती. पैशाची ओढाताण कायम होती. ती भागवण्यासाठी रसेल व्याख्यानदौरे आणि लोकप्रिय लेखन करीत. 1932 साली ते शाळेतून बाजूला झाले. डोरा यांनी ती 1943 पर्यंत नेटाने चालवली. मुलांना स्वातंत्र्य हवे तसे दिनक्रमाचे बंधनही हवे, दुबळ्या मुलाला दांडग्या मुलापासून वाचवायचे तर मोठ्यांचे लक्ष हवेच, हे आपल्याला अनुभवाने पटले, असे रसेल यांनी पुढे कबूल केले. वसतिगृह चालवणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही.

स्वतःलाच खरे म्हणणारे वाक्य

लबाडाच्या वाक्याला एक जुळे वाक्य आहे, ज्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही : हे वाक्य खरे आहे. यात आत्मविरोध नाही. खरे मानले तर खरे ठरते. खोटे मानले तर तितक्याच सहजतेने खोटे ठरते. ते कोणालाही अडवीत नाही आणि काहीही सिद्ध करीत नाही. जो धर्मग्रंथ आपल्या प्रामाण्याचा पुरावा म्हणून आपलेच वचन पुढे करतो, तो या वाक्याहून वेगळे काय सांगतो? पहिले वाक्य बुद्धीला चिमटा काढते, म्हणून त्यावर ग्रंथ लिहिले गेले. दुसरे बुद्धीला झोपवते, म्हणून त्याच्या नावाने शतकानुशतके माणसे पाण्यावाचून ठेवता आली. बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या प्रबंधात शास्त्रप्रामाण्यावरच घाव घातला, तो याचसाठी.

मग तथागतांच्या वचनाचे काय? केसपुत्त नगरीतील कालामांना केलेल्या उपदेशात तथागतांनी परंपरा, ग्रंथ, ऐकीव गोष्टी यांच्या आधारावर काही स्वीकारू नये असे सांगितले, आणि त्याच यादीत, हा आपला गुरू आहे म्हणून त्याचे खरे, हा आधारही नाकारला. म्हणजे हा उपदेश स्वतःलाही लागू होतो. पण लागू होताच कोसळत नाही. तो तपासून पाहा, असे तोच सांगतो आणि तपासणीत टिकतो. स्वतःकडे वळणारे प्रत्येक वाक्य दुष्टचक्रात सापडते असे नाही.

वच्छगोत्त परिव्राजकाने मृत्यूनंतर तथागत असतात की नसतात असे विचारले, तेव्हा होय किंवा नाही यांपैकी एकही उत्तर मिळाले नाही. विझलेला अग्नी पूर्वेला गेला की पश्चिमेला, हा प्रश्न जसा लागू पडत नाही, तसाच हाही, असे तथागतांनी समजावले. काही वाक्ये खरीही नसतात आणि खोटीही नसतात, ती मुळात लागूच पडत नाहीत, या रसेल यांच्या निष्कर्षाशी याची तुलना करण्याचा मोह होतो. दोघांची भूमिका एक नाही. रसेल यांना गणित वाचवायचे होते, तथागतांना दुःखातून माणूस. पण चुकीच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे नाकारण्याचे धैर्य दोघांकडे होते.

आचार्य नागार्जुनांपुढे तर हा पेच अगदी उघडपणे आला. सर्व पदार्थ स्वभावशून्य आहेत, असे त्यांचे प्रतिपादन. प्रतिपक्ष म्हणाला, मग हे विधानही शून्यच. ते दुसऱ्याचा निषेध कसा करणार? ‘विग्रहव्यावर्तनी’ या ग्रंथात आचार्यांनी विधानाला अपवाद केले नाही. माझे विधानही शून्यच आहे, पण रथ, घट, वस्त्र हेही स्वभावशून्य असूनच आपापले काम करतात, तसेच तेही करते, असे त्यांचे उत्तर आहे. या ग्रंथाची संस्कृत प्रत महापंडित राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटमधून मिळवली, म्हणून तो मूळ रूपात पुन्हा आपल्या हाती आला. रसेल यांनी विधानाला वरच्या पायरीवर बसवून पेच सोडवला. नागार्जुनांनी त्याला सर्वांच्या पंक्तीत बसवून. आपल्या परंपरेत हा प्रश्न किती जुना आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

उत्तरायुष्य

1940 साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात झालेली रसेल यांची नेमणूक, त्यांची मते अनीतिमान आहेत या कारणाने, न्यायालयाने रद्द केली. 1950 साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. 1955 साली अण्वस्त्रांच्या धोक्याविषयी रसेल आणि आइन्स्टाइन यांचे संयुक्त निवेदन प्रसिद्ध झाले. 1961 साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, अण्वस्त्रविरोधी सत्याग्रहाच्या संदर्भात त्यांना सात दिवस पुन्हा त्याच ब्रिक्स्टन तुरुंगात काढावे लागले.

ते निर्दोष नव्हते. चार विवाह झाले आणि जवळच्यांना दुःखही दिले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर काही काळ त्यांनी रशियाला अण्वस्त्राचा धाक दाखवावा असे मत मांडले, जे त्यांच्या शांततावादाशी मुळीच जुळत नाही. 1929 च्या एका ग्रंथात कृष्णवर्णीयांच्या बुद्धीविषयी त्यांनी केलेले विधान आपल्याला कदापि मान्य होणार नाही; पुढील आवृत्तीत त्यांना ते बदलावे लागले. ‘सर्व’ या शब्दाचा एवढा काटेकोर पहारेकरी, पण ‘सर्व माणसे’ म्हणताना तोही एकदा चुकला.

2 फेब्रुवारी 1970 रोजी वेल्समध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी, रसेल यांचे निधन झाले. कोणताही धार्मिक विधी न करता त्यांच्या देहाचे दहन झाले आणि रक्षा वेल्सच्या डोंगरांवर विखुरली गेली.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज शिक्षक, अधिकारी, वकील, अभियंते आहेत. नियम करण्याच्या आणि आदेश काढण्याच्या जागी बसले आहेत. पालकही घरात नियम करतातच. त्या सर्वांना या चरित्रातून एक कसोटी घेता येईल. आपण केलेला नियम आपल्याला लागू करून पाहावा. जो नियम करणाऱ्याला स्पर्शही करीत नाही, त्यात कोणाला तरी वगळलेले असते. जे मत केवळ स्वतःच्याच साक्षीवर उभे आहे, ते खाली ठेवावे. आणि ज्याला आपण गुरू मानतो, त्याच्या विचारातील फट दिसली, तर केंब्रिजच्या त्या तरुणाने लिहिले तसे पत्र त्याला आदराने लिहावे. खरा गुरू असेल, तर तो आपल्या ग्रंथाला परिशिष्ट जोडील.